आठ पायांची ओळख: कोळी आणि त्याचे भाऊबंद घरच्या घरी कसे ओळखावेत

कपाटामागे तळहाताएवढा कोळी मरून पडलाय, असं म्हणत शेजारच्या काकूंनी मला बोलावलं. बॅटरी मारून पाहिलं, तर ती कोळ्याची कात होती. आठही पाय पसरलेले, विषदातांपासून नखांपर्यंत सगळं जागच्या जागी, आत मात्र कोणी नाही. ती कात मी मिठाईच्या खोक्यात कापसावर ठेवून घरी आणली. कोणाला कोळ्याची ओळख करून द्यायची असली की आजही मी आधी ते खोकं उघडतो.

बहुतेक लोक कोळी रंगावरून ओळखायला जातात आणि तिथेच फसतात. एकाच जातीचं पिल्लू, नर आणि मादी यांचे रंग वेगवेगळे असू शकतात. फुलांवर दबा धरून बसणारे काही खेकडा-कोळी तर काही दिवसांत पांढऱ्याचे पिवळे होतात. कातीला जवळजवळ रंगच नसतो, त्यामुळे नजर आपोआप रचनेवर जाते. रचना कळली की कुळापर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही. पुढच्या पायऱ्या मी त्याच क्रमाने लावल्या आहेत.

सोबत काय घ्यायचं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, पारदर्शक झाकणाची छोटी बरणी, एक जाड कागद, मऊ ब्रश, बॅटरी आणि वही. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लावायची मॅक्रो लेन्स मिळाली तर फारच बरं. झुडपांतले कोळी पाहायचे असतील तर उलटी उघडलेली छत्री फांदीखाली धरा आणि फांदीवर काठीने दोन-तीनदा हलकं ठोका. एरवी नजरेला न पडणारे पाच-सहा प्रकार छत्रीत पडतात.

भिंतीवरचा कोळी धरायचा तर बरणी त्याच्यावर पालथी घालायची, खालून कागद सरकवायचा, फोटो काढायचे आणि जिथून धरला तिथेच सोडायचा. हातात घेऊ नका. बहुतेक कोळ्यांचं विष माणसाला काही करत नाही, पण चिमटीत धरलेल्या कोळ्याचा पाय सहज तुटतो. राखीव जंगलात परवानगीशिवाय काहीही पकडायचं नाही.

पहिली पायरी: हा आपल्या घराण्यातला आहे का?

सांध्यांचे पाय आणि बाहेरून टणक कवच असलेल्या सगळ्या प्राण्यांना मिळून संधिपाद म्हणतात. त्यांच्या चार मोठ्या शाखा आहेत. कीटक, खेकडा-कोळंबीसारखे कवचधारी, गोम आणि वाणी यांच्यासारखे बहुपाद, आणि चौथी शाखा तोंडापुढे चिमट्यासारखे किंवा सुळ्यासारखे अवयव असणाऱ्यांची. या अवयवाला केलिसेरा म्हणतात. ओडिशा आणि बंगालच्या किनाऱ्यावर सापडणारा नालखेकडाही याच चौथ्या शाखेतला. नावात खेकडा असला तरी तो खेकड्यापेक्षा कोळ्याला जवळचा आहे. या शाखेचा जमिनीवर पसरलेला मोठा वर्ग म्हणजे अष्टपाद. कोळी, विंचू, गोचीड हे सगळे त्यातले.

ओळखायला तीन प्रश्न पुरतात. चालायचे पाय किती? डोक्यावर मिशा आहेत का? शरीराचे भाग किती? कीटकाला सहा पाय, मिशांची एक जोडी आणि डोकं, छाती, पोट असे तीन भाग. अष्टपादाला आठ पाय, मिशा अजिबात नाहीत, पंख कधीच नाहीत, आणि डोकं व छाती एकजीव झालेली. गोमेला शरीराच्या प्रत्येक खंडावर पायांची एक जोडी असते, वाणीला बहुतेक खंडांवर दोन. त्या दोघांना इथेच सोडून देऊ.

पाय मोजताना चुका हमखास होतात, म्हणून त्या आधीच सांगतो. तोंडाजवळ पायांसारखीच दिसणारी आखूड जोडी असते, ती पेडिपाल्प. ती पायांत धरली की दहा पाय भरतात. कोळ्याचा एखादा पाय गळलेला असू शकतो, म्हणून दोन्ही बाजू मोजा. गोचीड आणि माइट (गोचिडीचेच अगदी बारीक भाऊबंद) यांची पिल्लं अंड्यातून बाहेर येतात तेव्हा त्यांना सहाच पाय असतात. नारळाच्या कोवळ्या फळांवर खरवडल्यासारखे तपकिरी चट्टे पाडणाऱ्या इरिओफिड माइटला तर जन्मभर चारच पाय. आणि कोकणात आंब्या-काजूच्या पानांची घरटी शिवणाऱ्या तांबड्या मुंग्यांच्या रांगेजवळ नीट पाहा: एखादी मुंगी पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून हलवत असते. फांदीला टिचकी मारली की ती सुताला लोंबकळते. तो मुंगीचं रूप घेतलेला उडीमार कोळी असतो.

दुसरी पायरी: कोळी की त्याचा भाऊबंद?

आधी कंबर पाहा. कोळ्याच्या पुढच्या भागाला शिरोवक्ष म्हणतात, मागच्याला उदर. दोन्ही एका बारीक देठाने जोडलेले असतात. बारीक कंबर, सलग उदर आणि उदराच्या टोकाला सूत काढणारे अवयव, या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या की तो कोळी. भाऊबंदांपैकी सूत काढणारे थोडे आहेत, पण उदराच्या टोकाचे सूतअवयव फक्त कोळ्याकडे.

लांबच लांब, केसासारखे पाय आणि मधे कंबर नसलेला एकच वाटोळा मणी असं काही पावसाळी जंगलात दगडावर दिसलं, तर ते ओपिलिओनीज गणातलं. पाठीवरच्या उंचवट्यावर दोनच डोळे, सूत नाही, विष नाही. घराच्या कोपऱ्यात जळमटं करणारा, धक्का लागताच गदागदा हलणारा लांबपायी प्राणी मात्र खरा कोळी आहे, फोल्सिडी कुळातला. दोघांची गल्लत रोज होते. कंबर पाहिली की मिटते.

विंचवाला ओळख करून द्यावी लागत नाही, पण त्याची रचना सांगायला हवी. आपण ज्याला विंचवाचे हात म्हणतो ते त्याचे पेडिपाल्प. शेपूट म्हणजे उदराचाच निमुळता झालेला भाग, पाच मणी आणि शेवटी विषाची नांगी. पोटाखाली कंगव्यासारखे दोन अवयव असतात, त्यांनी तो जमीन चाचपतो. आपण ‘विंचू चावला’ म्हणतो खरं, पण तोंडाने तो माणसाला काही करत नाही, नांगी मारतो. आकडे जाड आणि शेपूट बारीक असेल तर विंचू बहुधा कमी विषारी. आकडे बारीक आणि शेपूट जाड असेल तर जपून. कोकणातला लाल विंचू या दुसऱ्या प्रकारातला, आणि लहान मुलाला त्याने नांगी मारली तर जीवावर बेतू शकतं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि कितीतरी जीव वाचले. त्यामुळे मंत्र, कांदा, चुना यांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठायचा. रात्री अतिनील बॅटरी मारली तर विंचू हिरवट-निळा चमकतो. शोधायला याहून सोपी युक्ती नाही.

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण निरीक्षणातून आलेली आहे. विंचवीण जिवंत पिल्लांना जन्म देते आणि पहिली कात टाकेपर्यंत पिल्लं तिच्या पाठीवर असतात. लांडगा-कोळ्याची मादीही हेच करते. आधी अंड्यांची गोळी सूतअवयवांना चिकटवून फिरते, मग पिल्लं पाठीवर घेते.

माइट आणि गोचीड यांच्यात शरीराचे दोन भाग वेगळे दिसतच नाहीत, सगळी एकच पिशवी. शेतीत ‘मिरचीवर लाल कोळी पडला’ म्हणतात तो हा माइट, जाळं विणणारा घरातला कोळी नव्हे. एकच शब्द दोघांना चालत असल्यामुळे फवारणीच्या गप्पांत बिचाऱ्या खऱ्या कोळ्याचाही बळी जातो, आणि तो तर पिकावरचे कीटक खाणारा. मृग लागल्यावर पहिल्या पावसानंतर विदर्भ-मराठवाड्यातल्या मातीवर दिसणारा लाल मखमली मृगाचा किडा हाही किडा नाही, माइट आहे. पाय मोजा, आठ भरतील. गोचिडीचं महत्त्व सिंधुदुर्ग आणि गोव्यात कोणाला सांगायला नको: माकडताप तिच्यामार्फत पसरतो.

बाकीचे थोडक्यात. जुन्या पुस्तकांत, झाडाच्या सालीखाली दोन-चार मिलिमीटरचा, विंचवासारखे आकडे पण शेपूट नसलेला जीव म्हणजे स्यूडोस्कॉर्पियन. चपटं अंग, काटेरी हात आणि पुढची पायांची जोडी चाबकासारखी लांब झालेली असेल तर अँब्लिपिजी. सह्याद्रीत गुहांत आणि दगडांखाली रात्री दिसतो, दिसायला भीतिदायक, पण विष नाही. कोरड्या माळावर रात्री दिव्याकडे सुसाट धावत येणारा, मोठाले जबडे असलेला केसाळ प्राणी सॉलिफ्यूजी गणातला. त्याचे पेडिपाल्प इतके लांब की दहा पाय वाटतात. त्यालाही विषग्रंथी नाहीत.

तिसरी पायरी: कात उघडून शरीर समजून घेणं

जिवंत कोळ्यावर शरीररचना शिकणं अवघड, तो थांबत नाही. मेलेला कोळी पाय आवळून घेतो. त्यामागे त्याच्या शरीराचं एक वैशिष्ट्य आहे: पायाच्या दोन मुख्य सांध्यांत पाय सरळ करणारे स्नायूच नसतात. शिरोवक्षातलं द्रव दाबाने पायात ढकलून तो पाय ताणतो. मेल्यावर दाब गेला की वाकवणारे स्नायू उरतात आणि पाय मिटतात. कात मात्र पसरलेली मिळते. कपाटामागे, माळ्यावर, न्हाणीघराच्या खिडकीत शोधा.

कात वाळून कुरकुरीत झालेली असते. तासभर कोमट पाण्यात एक थेंब भांड्यांचा साबण घालून बुडवली की मऊ पडते. मग टिपकागदावर ठेवून ब्रशने पाय नीट करा. पहिली गोष्ट दिसेल ती म्हणजे पाठीचं झाकण. कात टाकताना शिरोवक्षावरची ढाल डब्याच्या झाकणासारखी उचकटते आणि तिथूनच कोळी बाहेर येतो. ते झाकण उजेडाकडे धरा. पुढच्या कडेला काचेच्या ठिपक्यांसारखे आठ गोल दिसतील, ते डोळ्यांचे बाहेरचे भिंगपटल. माझ्या खोक्यातल्या कातीत चार-चारच्या दोन ओळी आहेत. पहिल्यांदा तो उजेड आठ ठिकाणांहून आरपार येताना पाहिला तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत राहिलो होतो.

झाकणाखाली पुढे केलिसेरांची जोडी: जाड बुंधा आणि त्याला चाकूच्या पात्यासारखा मिटणारा विषदात. टोकाजवळ विषाचं सूक्ष्म छिद्र असतं. कोळी घास चावून गिळत नाही. तो पाचक रस भक्ष्यावर सोडतो आणि पातळ झालेलं शोषून घेतो.

त्यामागे पेडिपाल्प आणि मग पायांच्या चार जोड्या. पायाचे सात खंड बोट ठेवून मोजा: कॉक्सा, ट्रोकँटर, फीमर, पटेला, टिबिया, मेटाटार्सस, टार्सस. पेडिपाल्पला सहाच, त्यात मेटाटार्सस नाही. पायाच्या टोकाला नखं. जाळ्यावर राहणाऱ्या कोळ्यांना सहसा तीन नखं असतात, मधलं नख सूत धरायला. पळून शिकार करणाऱ्या पुष्कळ कोळ्यांना दोन नखं आणि त्यांच्याखाली बारीक केसांचा झुबका असतो, त्याच्या जोरावर ते काचेवरही चढतात. बेसिनमध्ये पडलेला कोळी वर चढू शकतो की घसरत राहतो, हे पाहूनही थोडा अंदाज येतो.

उदराची कातडी मऊ असल्याने कातीत ती चुरगळलेली चिंधी होऊन राहते. उदरासाठी जिवंत कोळीच हवा.

चौथी पायरी: विषदात कसे चालतात

कोळ्यांच्या तीन मोठ्या शाखा आहेत. उदरावर आडव्या पट्ट्या स्पष्ट असलेले मेसोथेली, फक्त पूर्व आणि आग्नेय आशियात. त्यांच्याकडे पाहिलं की कोळ्याचे पूर्वज कसे असतील याची कल्पना येते. दुसरी शाखा मायगॅलोमॉर्फी: विषदात एकमेकांना समांतर, कुदळीसारखे वरून खाली येणारे, आणि पुस्त-फुप्फुसांच्या, म्हणजे पोटाखालच्या श्वास घेण्याच्या अवयवांच्या, दोन जोड्या. टॅरँट्युला आणि बिळाला झाकण करणारे कोळी यातले. तिसरी अरेनिओमॉर्फी: विषदात चिमट्यासारखे आडवे येऊन जुळतात, पुस्त-फुप्फुसांची बहुधा एकच जोडी आणि सोबत श्वासनलिका. घरात, बागेत, शेतात दिसणारे जवळजवळ सगळे या तिसऱ्या शाखेतले.

पाचवी पायरी: चेहरा वाचणं

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवतो, आणि तुम्हीही घालवा. कोळ्यांची १३० हून अधिक कुळं आहेत, जातींची संख्या २०२२ मध्ये ५०,००० च्या पुढे गेली. तरी घराभोवतीची आठ-दहा कुळं डोळ्यांच्या मांडणीवरून पटकन कळतात. समोरून आणि वरून असे दोन फोटो काढा.

समोर मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे, बाजूला दोन लहान, बाकीचे डोक्यावर मागे: सॅल्टिसिडी, म्हणजे उडीमार कोळी. ६,००० हून जास्त जातींचं हे सर्वांत मोठं कुळ. खिडकीच्या चौकटीवर दुपारी माशीच्या मागे दबकत जाणारा हाच. भिंगातून पाहत राहिलात तर मोठ्या डोळ्याचा रंग क्षणात काळा, क्षणात फिकट होताना दिसेल. भिंग स्थिर असतं, आतला दृष्टिपटल हलतो. म्हणजे तो तुम्हाला निरखून पाहतोय.

खाली चार बारीक डोळ्यांची ओळ, तिच्यावर दोन मोठे, आणखी मागे दोन: लायकोसिडी, लांडगा-कोळी. रात्री बॅटरी कपाळाजवळ धरून गवतावर उजेड टाका. दवाच्या थेंबासारखे हिरवट ठिपके चमकतात, जवळ गेल्यावर कळतं की डोळे आहेत.

डोळे षटकोनात आणि पायांवर उभे काटे: ऑक्सिओपिडी, झुडपांवर उड्या मारत शिकार करणारे. चार-चारच्या दोन ओळी, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले, अंग चपटं आणि मोठं: स्पारासिडी. झुरळं खाणारा घरातला मोठा तपकिरी कोळी तो हा, आणि खोक्यातली कातही त्याचीच. पुढच्या दोन जोड्या मागच्यांपेक्षा लांब, फुलावर हात पसरून बसलेला: थॉमिसिडी, खेकडा-कोळी. जळमटवाल्या फोल्सिडीत तीन-तीन डोळ्यांचे दोन घोस आणि मधे दोन बारीक. आणि सहाच डोळे, तेही तीन जोड्यांत, पाठ घुमटासारखी फुगलेली: सायटोडिडी. हा भक्ष्यावर चिकट विषारी सूत थुंकून त्याला जागेवरच खिळवतो, आणि तो आपल्या घरातही राहतो.

सहावी पायरी: पोट, सूत आणि नर-मादी

बरणीत कोळी असताना खालून काचेतून फोटो घ्या. उदराच्या पुढच्या भागात दोन फिकट चौकोनी डाग दिसतात ती पुस्त-फुप्फुसं, आत पुस्तकाच्या पानांसारखे पडदे असलेली. त्यांच्यामधे आडवी खाच. पूर्ण वाढलेल्या बहुतेक माद्यांत त्या खाचेजवळ गडद, टणक पट्टी असते, ती एपिजाइन, म्हणजे मादीच्या जननद्वाराची पट्टी. तिचा आकार जातीगणिक वेगळा, म्हणून तज्ज्ञ आधी तिचाच फोटो मागतात.

टोकाला सूतअवयव, बहुधा तीन जोड्या. झाडाच्या सालीवर सालीसारखाच दिसणारा, दोन शेपट्या असल्यासारखा कोळी पाहिलात तर त्या शेपट्या म्हणजे लांब सूतअवयव. कुळ हर्सिलिडी. काही कोळ्यांत सूतअवयवांच्या पुढे चाळणीसारखी पट्टी असते, तिच्यातून लोकरीसारखं बारीक सूत निघतं. काटेरी झुडपांवर मळकट गोधडीसारखी मोठी वसाहत करणारे सामाजिक कोळी असं सूत वापरतात.

नर ओळखायला पेडिपाल्पची टोकं पाहा. बॉक्सिंगच्या हातमोज्यांसारखी फुगलेली आणि गुंतागुंतीची असतील तर पूर्ण वाढीचा नर. तो छोटंसं जाळं विणून त्यावर वीर्य सोडतो आणि या टोकांत भरून घेतो. सह्याद्रीत पावसाळ्याअखेर रस्त्यावर आडवी मोठी सोनेरी जाळी लावणाऱ्या नेफिला मादीशेजारी काही मिलिमीटरचा लालसर कोळी बसलेला असतो, तो तिचं भक्ष्य नाही, नर आहे.

जाळ्याची मदत घ्या, पण भरवसा ठेवू नका. हिवाळ्यात सकाळी दवाने उजळलेली, मधे नळीसारखं बीळ असलेली हिरवळीवरची जाळी पाहून बरेच जण नरसाळी-जाळ्याचं कुळ सांगतात. आपल्याकडे ती पुष्कळदा हिपासाची असतात, आणि हिपासा लांडगा-कोळी आहे. चेहरा पाहिल्याशिवाय नाव द्यायचं नाही.

सातवी पायरी: नाव लिहिताना

गण, कुळ, प्रजाती, जाती या क्रमाने उतरायचं आणि खात्री संपली तिथे थांबायचं. ‘कुळ सॅल्टिसिडी, पिल्लू’ ही चांगली नोंद आहे. कोळ्यांच्या शास्त्रीय नावांची मोजणी स्वीडनच्या कार्ल क्लर्कच्या १७५७ सालच्या कामापासून होते. बाकी प्राण्यांसाठी लिनियसचं १७५८ हे साल धरतात, कोळी त्याला अपवाद. हे काम आजही चालू आहे. ठाण्याकडच्या एका उडीमार कोळ्याला २०२१ मध्ये आयसियस तुकारामी हे नाव मिळालं, २६/११ च्या रात्री कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ.

वहीत तारीख, गाव, जागा (भिंत, साल, फूल, दगडाखाली), वेळ, शरीराची लांबी आणि पाय धरून लांबी वेगवेगळी लिहा. फोटो चार: वरून, समोरून, खालून आणि जाळ्यासकट. ते आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेत तर जाणकार तपासून देतात.

कातीवरूनही नोंद करता येते. अरेनिओमॉर्फी शाखेतले बहुतेक कोळी पूर्ण वाढ झाल्यावर पुन्हा कात टाकत नाहीत, त्यामुळे घरात मिळालेली अशी कात जवळपास नेहमीच वयात न आलेल्या कोळ्याची. मात्र शेवटून दुसऱ्या अवस्थेतल्या नराच्या पेडिपाल्पची टोकं फुगलेली, पण गुळगुळीत असतात. माझ्या खोक्यातल्या कातीची टोकं तशीच आहेत. म्हणून चिठ्ठीवर लिहिलंय: ‘स्पारासिडी, नर, अखेरची कात’. काकूंच्या कपाटामागून त्या रात्री पूर्ण वाढलेला नर बाहेर पडला होता.